अग्रभागातला माणूस

आल्प्समधल्या व्हाल्सोरा ग्रामपंचायतीच्या हद्दीत संपूर्ण सप्टेंबर महिन्यात सूर्यास्त सायंकाळी सात वाजून सव्वीस मिनिटांनी होतो, अशी अधिकृत नोंद आहे. महिनाअखेरीस सूर्य थोडी घाई करतो. त्यास पंचायत जबाबदार नाही. त्या वेळी पिझ मुत्त हा डोंगर लालभडक होतो आणि त्याचा फोटो काढायला रोज दोनशे माणसं डुरी काप्राऊलच्या घरामागच्या चढावर उभी राहतात.

डुरी हा टपालाची पिवळी बस चालवून निवृत्त झालेला, घड्याळासारखा वागणारा माणूस. त्याची बायको मेंगिया खाली शहरातल्या इस्पितळात होती. शुक्रवारी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि तिच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा तेवढी दिसे. तिने नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं. मागच्या बाकावरून दिसतं तसं आपलं घर आणि वर तो पेटलेला डोंगर, दोन्ही एका फोटोत आण. आत नेण्याआधी मला बघायचंय. चाळीस वर्षं दोघं त्या बाकावर बसत आली होती, त्यामुळे हे काम अवघड असेल असं कुणालाच वाटलं नाही.

सोमवारी डुरी कॅमेरा घेऊन बाकाकडे गेला, तर पंचायतीच्या पहारेकऱ्याने त्याला नम्रपणे परत घरात पाठवलं. मंगळवारी तो तणतणत कचेरीत गेला. तिथली कारकून सेरायना त्याच्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. तिने फाईल काढली.

"काका, तुमचं घर पर्यटकांच्या फोटोचा अग्रभाग म्हणून नोंदलंय. साडेसहा ते आठ धुराड्यातून धूर हवा आणि मागच्या खिडकीत तुम्ही हवेत. टोपीसकट."

"पाच मिनिटं बाहेर येतो गं. मेंगियासाठी एक फोटो काढतो आणि लगेच आत."

"मग खिडकीत कोण? फोटोतलाच माणूस फोटो काढायला लागला तर लोकांनी बघायचं काय?"

"पण हे ठरवलं कुणी?"

सेरायनाने इतिवृत्त त्याच्यापुढे सरकवलं. वसंतातल्या ग्रामसभेत, अगदी शेवटच्या विषयात, ठराव एकमताने मंजूर झाला होता. हात वर करणाऱ्यांत डुरीही होता. तेव्हा शेजारच्या खोलीत जवाचं सूप गार होत होतं, आणि सूप गार होत असताना व्हाल्सोराने आजवर काहीही नामंजूर केलेलं नाही.

बदली माणूस देण्याची तरतूद होती. तो सत्तरीपुढचा, मिशीवाला आणि त्याच घरात राहणारा असावा, अशी अट होती. त्या घरात राहणारी दुसरी व्यक्ती म्हणजे मेंगिया. सेरायनाला मनापासून वाईट वाटलं. मिशीची अट शिथिल करण्याबाबत तिने वरिष्ठांना टिपणसुद्धा पाठवलं.

बुधवारी डोंगर असा पेटला की गावातली म्हातारी माणसंही बाहेर आली. डुरी मांडीवर कॅमेरा घेऊन खिडकीत बसला होता. ठराव मोडावा असं त्याच्या मनात आलं, पण ज्या ठरावाला आपणच हात वर केला तो मोडायचा कसा, हे त्याला उमगेना. त्याला रडू आलं, आणि ते दोनशे जणांनी टिपलं.

गुरुवारी सकाळी सेरायनानेच तोड काढली. पर्यटकांनी पंचायतीच्या स्पर्धेसाठी पाठवलेले अकरा हजार फोटो कचेरीत होते. घर आणि डोंगर असलेला एखादा तर त्यात मिळेलच. दोघं दुपारपर्यंत शोधत बसली. प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी हसत होतं. घर कानामागे, डोंगर केसांमागे. शेवटी त्यातल्या त्यात अरुंद चेहऱ्याची एक बाई त्यांनी निवडली.

इस्पितळात मेंगियाने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला.

"ही कोण?"

"माहीत नाही. तिच्या कानाजवळ बघ, आपलं धुराडं दिसतंय."

मेंगियाने बोटाने तो चेहरा हळूच बाजूला ढकलून पाहिला. "जरा सरकली असती तर काय बिघडलं असतं हिचं?" ती म्हणाली आणि तिने चष्मा काढून ठेवला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिला आत नेलं. उरलेले फोटो कचेरीत आहेत. युरोपच्या सहलीत तुम्ही काढलेलाही त्यात आहे. तुम्ही छान आला आहात.