बॅटरीला घातलेला हार

खंडेनवमीला जानोरीच्या कोंडाजींच्या अंगणात पूजेला मांडलेली हत्यारं अशी: कोयते चार, खुरपी नऊ, फवारणीचा पंप एक आणि पिकअप एक. पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट सव्वीस. दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारच्या आत नाशिकच्या बाजारात पोचला तर तो माल, नाही तर पाचोळा.

शिवाय पुतण्या एक. स्वराज, बी.एस्सी., फिजिक्स. निकाल लागल्यापासून तो घरात साधा बल्बसुद्धा कोणाला शास्त्राशिवाय बदलू देत नव्हता.

चंद्रभागाकाकूंनी बॉनेट उघडायला लावलं. "गाडीचा जीव त्या बॅटरीत हाय. हार तिला घाल."

"दोऱ्यातला नको, काकू. इंजिन तापलं की दोरा पेटेल," स्वराज म्हणाला. सुरक्षिततेचा एवढा विचार त्या घरात आजवर कोणी केला नव्हता. द्राक्षांच्या मांडवाची उरलेली तार घेऊन त्यानं तिच्यात झेंडू ओवला. एक टोक गाडीच्या पत्र्याला अडकवलं. दुसऱ्या टोकासाठी बॅटरीशेजारच्या डबीतून बाहेर आलेला एक नट अगदी देवानं नेमून दिल्यासारखा उभा होता. तार त्याला टेकली आणि त्याच क्षणी काकूंनी नारळ फोडला. टक् झालं. नारळ चांगला खणखणीत निघाला, असं स्वराजला वाटलं.

सकाळी चावी फिरवली तर गाडी मुकी. दिवा नाही, हॉर्न नाही.

"बॅटरी बसली. ढकलू या," कोंडाजी म्हणाले.

"अंदाजानं ढकलायचं नसतं काका, मोजायचं असतं."

हार अदबीनं बाजूला ठेवून स्वराजनं मल्टीमीटर लावला. बॅटरी ठणठणीत. शेजारच्या त्या डबीपलीकडे शून्य. झाकण काढलं तर आतली पट्टी मधोमध वितळलेली. "मेन फ्यूज उडालाय," त्यानं जाहीर केलं.

"का उडाला?"

"जुना झाला असेल."

परीक्षेत या उत्तराला भोपळा मिळाला असता. इथं पेपर तपासायला कोणी नव्हतं.

शेजारी सावळीराम त्याच बनावटीच्या पिकअपमध्ये आपले चौदा क्रेट चढवत होता. "तुमचा माल माझ्या गाडीत टाका," तो म्हणाला. "दोन खेपा मारू."

"एका फ्यूजपायी दोन खेपा कशाला, दादा? तुमचा फ्यूज घटकाभर द्या. तो लावून मी हायवेवरच्या दुकानातून नवा घेऊन येतो."

सावळीरामानं शिकलेल्या पोराचा मान राखला. त्याचा फ्यूज बसला आणि दिवे लागले, हॉर्न असा वाजला की कोंबड्या कुंपणावर चढल्या. काकूंनी गाडीला हात जोडले. "आता हार घाल परत. सणाची गाडी अशी नेऊ नये."

प्रयोग पुन्हा करायचा तर परिस्थिती तीच हवी. स्वराजनं तोच पत्रा आणि तोच नट शोधून हार घातला.

टक्.

या वेळी नारळ नव्हता. डबीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि सगळे ती संपेपर्यंत बघत राहिले.

"आता माझी बी गाडी गेली का रं?" सावळीरामानं विचारलं.

"तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, दादा. फक्त ती चालणार नाही."

मग स्वराजची नजर नटापासून तारेवरून सरकत पत्र्यापर्यंत गेली आणि त्याचे कान तापले. काटकी घेऊन तो मातीत शॉर्टसर्किटची आकृती काढायला बसला.

"राहू दे ते," कोंडाजी म्हणाले. "दोरा असता तर काय झालं असतं?"

"काही नाही."

"इतकी वर्सं काहीच नाय झालं बाबा," काकू म्हणाल्या. "आम्हाला कुठं शास्त्र ठावं होतं."

शेवटी गावातल्या नाथाचा ट्रॅक्टर आला. चाळीसही क्रेट ट्रॉलीत चढले आणि लग्नाच्या वरातीच्या चालीनं नाशिककडे निघाले. स्वराजला वर क्रेटांवर बसवलं होतं, कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. बाजारात पोचले तेव्हा लोक तोरणं बांधून जेवायला बसले होते. काकूंनी हाका मारमारून, येईल त्या भावानं फुलं विकली.

दिवेलागणीला दोन्ही घरांचा उरलेला झेंडू काट्यावर चढवला. एकशे अठरा किलो पाचोळा.