राजकन्येच्या पोटातील उठलेली वस्ती

श्रीचरणी मस्तक ठेवून लिहिले ऐसे जे. शके सतराशे अठ्ठावन, दुर्मुखनाम संवत्सर, पौषमास. एक राज्य होते, नाव सांगण्यास आज्ञा नाही. तेथील महाराजांस पाच वर्षांची कन्या चंपाराजे, आणि आम्ही तेथील चिटणीस. ग्रंथ पुष्कळ वाचले, शहाणपण बेताचेच. एका ग्रंथी वाचिले की सर्व रोग मळातून निपजतात. मग आम्ही अर्ज केला आणि राजकन्येच्या महाली शेणमातीस बंदी जाली, आणि शिंक आली तरी जंत मारणारा जहाल काढा पाजू लागले, आणि गोठ्यावरील कोंडाबाईची लेक गोजरी राजकन्येबरोबर खेळत असे, तिच्या हातास वास येतो म्हणून मायलेकींस गावाबाहेर घालविले. तो हुकूम आमच्याच अक्षरातला.

मग संक्रांतीस राजकन्येने भुईमुगाचा एक दाणा खाल्ला आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. रामेश्वरभट वैद्यांनी मोठ्या कष्टे प्राण राखिला आणि बोलिले, "पोटात सूक्ष्म जीवांची वस्ती असते. आपले कोण, परके कोण, हे ती शरीरास शिकविते. काढ्यांनी ती वस्ती उठली, आणि आता शरीर दाण्यासच शत्रू समजते. पुढचा दाणा जीव घेईल. निरोगी मुलाच्या विष्ठेतून ती वस्ती आणून वसवावी, मी गोळ्या करीन. गोजरी रोज दाणे खाते, तिची चालेल." दरबार खाली पाहू लागला. महाराज आम्हांस म्हणाले, "हुकूम तुम्ही लिहिलात, मागणेही तुम्हीच मागावे." मग आम्ही पालखीत बसून, किनखापाने झाकलेला चांदीचा डबा घेऊन कोंडाबाईच्या खोपटी गेलो आणि घटकाभर थंडीचे बोललो. ती म्हणाली, "चिटणीसबुवा, डबा कशापायी?" आम्ही म्हणालो, "राजकन्येच्या औषधास गोजरीकडून एक पदार्थ हवा." "कंचा पदार्थ?" आम्हांस ग्रंथांतील दहा शब्द आठवले, एकही उच्चारवेना. मग मान खाली घालून सांगितले. तिने डब्याकडे पाहिले. मग म्हणाली, "हाताचा वास चालत नव्हता, आन् ह्ये चालतंय व्हय?" आम्ही म्हणालो, "चूक माझी आहे, बाई. पोर मरेल." ती म्हणाली, "पोरीला नाय कोण म्हणतंय? पर गोजी सकाळीच जाऊन आली. आता उद्याच्याला. आन् त्यो डबा दडवा, बघून बुजंल ती. बसा, भाकर खावा." आम्ही पालखी परतविली आणि बसून राहिलो.

मग गोळ्या जाल्या, राजकन्येस दिल्या, आणि काही मासांनी दाण्याचे पीठ सुईच्या टोकाएवढे देऊन, वैद्यांसमक्ष हळूहळू वाढवीत, वर्षाअखेर राजकन्येने एक सबंध दाणा खाल्ला आणि ओठ सुजले नाहीत. अधिक सोसेल की नाही, वैद्यांस ठाऊक नाही.

सारांश, दरबारी दप्तरी दिव्य वनस्पतीने गुण आला ऐसे लिहिले आहे, तेही आमच्याच अक्षरात, आणि खोटे आहे. मूल गोजरीने वाचविले. तीस पुन्हा महाली खेळावयास बोलवावे, ऐसा अर्ज आम्ही दोनदा लिहिला. महाराजांपुढे ठेवण्याचा धीर अद्याप जाला नाही.