फोनमधला फोन आणि चार बोटांची फट

"मॅडम, फोनच्या आत आणखी एक फोन असतो का?"

सगळा वर्ग फिस्सकन हसला! मागच्या बाकावरच्या दोन मैत्रिणी तर हसू दाबायला बाकाखालीच गेल्या, कारण हा प्रश्न भर वर्गात विचारून दाखवायची पैज त्यांनीच लावली होती. खुडबुड मात्र ताठ उभी! (खुडबुड हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुसरीत असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ खोलून परत जोडलं, तीन स्क्रू उरले आणि घड्याळ तरीही चालत राहिलं. तेव्हापासून घरात, बिल्डिंगमध्ये, शाळेत तिला हेच नाव चिकटलं ते चिकटलंच.)

कॉम्प्युटरच्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "असतो."

बाकाखालच्या दोघी झटकन वर आल्या!

"प्रत्येक मोबाईलच्या पोटात मोडेम नावाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. टॉवरशी बोलायचं काम त्याचं. त्याचा प्रोग्रॅमही वेगळा, त्याला फर्मवेअर म्हणायचं. एरवी कंपन्या तो कुलपात ठेवतात. पण काही जुन्या फोनसाठी हौशी लोकांनी तो स्वतः लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कुणीही वाचावा, कुणीही आपल्या फोनमध्ये घालावा."

झालं! खुडबुडच्या डोक्यात किडा वळवळला. फोन इतकी वर्षं आपल्याशी एक बोलतो आणि आत बसून टॉवरशी भलतंच काहीतरी बोलतो? काय बोलत असेल? मधल्या सुट्टीत तिने जुन्या फोनांची ती यादी शोधली, आणि अकरावी ओळ वाचून डबा तसाच राहिला. बाबांचा ड्यूटीचा फोन! शिवाय खाली लिहिलेलं: 'नव्या आवृत्तीत तळघरात कॉल तुटत नाही.' बाबा रोज त्याच नावाने तर ओरडायचे!

"तुला जमणारच नाही," एक मैत्रीण म्हणाली.

"सात मिनिटं लागतात फक्त!" खुडबुड म्हणाली. "रविवारी सकाळी बाबांची आंघोळ संपायच्या आत करून दाखवते!"

आता बाबांविषयी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बेचाळीस इमारतींच्या लिफ्टमध्ये लाल अक्षरांत पाटी होती: 'अडकलात? बटण दाबा. तिसऱ्या रिंगच्या आत उत्तर.' बटण दाबलं की कॉल थेट बाबांच्या त्या जुन्या, विटेसारख्या फोनवर यायचा, आणि बाबा खरोखरच तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचे. जेवताना, झोपेत, एकदा तर दाढीच्या फेसासकट! चालू यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. म्हणजे विचारलं तर उत्तर ठरलेलं. म्हणून खुडबुडने विचारलंच नाही. सरप्राइज द्यायचं ठरवलं!

रविवारी दहा वाजता बाबांची ड्यूटी सुरू होणार होती. साडेनऊला ते आंघोळीला गेले. खुडबुडने फोन वायरने आईच्या लॅपटॉपला जोडला आणि सूचना एकेक वाचत गेली. बॅटरी पूर्ण भरा. भरली! अमुक बटण दाबून धरा. धरलं! 'आता सात मिनिटं कशालाही हात लावू नका. स्क्रीन काळी पडेल. घाबरू नका.' स्क्रीन काळी पडली. खुडबुड घाबरली नाही. उलट इतकी खूश झाली की आईचा फोन घेऊन गॅलरीत गेली आणि मैत्रिणीला लावला.

"अगं, चाललंय! अर्धं तर झालंसुद्धा! मी काही हातबीत लावत नाहीये, नुसती देखरेख!"

देखरेख गॅलरीतून चालली होती, हे तिने सांगितलं नाही. बढाईला काय, सात मिनिटं पुरतात थोडीच! ती आत आली तेव्हा टेबलावर लॅपटॉप होता, त्याच्याशेजारी नीट गुंडाळून ठेवलेली वायर होती, आणि फोन नव्हता.

"आई! फोन कुठाय?"

"बाबा घेऊन गेले," आई भांडी लावता लावता म्हणाली. "बंद पडला होता म्हणे. बॅटरी काढली, परत घातली, झाला चालू! वरच्या टाचणीकाकू बोलवायला आल्या होत्या. लिफ्टला धक्का बसतो, तो कुठे बसतो ते दाखवायला घेऊन गेल्या."

बरोबरच होतं! काहीही अडलं की आधी पॉवर काढायची, मग लावायची, हा बाबांचा पंचवीस वर्षांचा धंदा! लिफ्टचं ठीक आहे हो, पण निम्मं लिहून झालेलं फर्मवेअर?

तेवढ्यात जिन्याकडून आवाज आले. ती पाचव्या मजल्यावर धावली. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. बाबांनी आतून दरवाजा ताणून चार बोटांची फट केली होती. फटीतून बाबांचे बूट दिसत होते आणि शेजारी टाचणीकाकूंच्या चपला. (काकू निवृत्त शिक्षिका. तक्रार लिहायच्या आणि नोटीस बोर्डावर स्वतःच्या टाचणीने टोचायच्या. टाचण्यांची डबी कायम पर्समध्ये!)

"दहा वाजून चार मिनिटं!" चपला म्हणाल्या. "सहाव्यांदा बटण दाबतेय! कुणी उचलत नाही! तिसऱ्या रिंगच्या आत ना हो?"

"अहो काकू, तो फोन माझ्याच खिशात आहे," बूट म्हणाले.

"मग उचला की!"

"वाजला तर उचलीन ना!"

खुडबुडने फटीकडे मान उंचावली. "बाबा... नेटवर्कच्या दांड्या दिसतायत का?"

बूट जरा सरकले. "एकही नाही. खुडबुड, ती वायर कशाची होती गं?"

आता काय लपवायचं! तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडम, मोडेम, पैज, गॅलरी, सगळं! माणसाच्या चेहऱ्याकडे बघून चूक कबूल करणं अवघड असतं म्हणतात. बुटांकडे बघून करणं त्याहून अवघड, कारण ते रागावलेत की नाही, काही म्हणता काही कळत नाही!

"मी इथे अडकलो त्याचं काही नाही," शेवटी बाबा हळू आवाजात म्हणाले. "पण आत्ता दुसऱ्या कुठल्या लिफ्टमध्ये कुणी बटण दाबत असेल तर? एखादं लहान मूल असेल तर?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं खुडबुडला वाटलं.

"सिम आईच्या फोनमध्ये घालू?"

"हे जुनं सिम, अंगठ्याएवढं. आईच्या फोनची खाच नखाएवढी. नाही बसायचं."

खुडबुड लॅपटॉप घेऊन आली आणि लिफ्टसमोर फतकल मारून सूचना परत वाचू लागली. या वेळी शेवटपर्यंत! आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं: 'काम अर्धवट राहिल्यास पुन्हा वायर जोडा, पहिल्यापासून सुरू करा.'

"बाबा, मेला नाहीये तो! पण फोन खाली टाकला तर फुटेल, वायरच फटीतून आत घ्यावी लागेल!"

"वायर आत असताना लिफ्ट हलली तर तुकडे होतील. थांब!" फटीतून किल्ली खाली पडली. "आईला गच्चीवरच्या मशिनरूममध्ये पाठव. मेन स्विच बंद करायचा, आणि मी सांगेपर्यंत चालू करायचा नाही!"

आई एरवी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची, त्यामुळे घाबरलेल्या माणसांची तिला सवय. शेजारणीचा फोन मागून खुडबुडने तिला गच्चीवर कॉल लावला, स्पीकर चालू केला. मेन बंद झाला, लिफ्टमध्ये मिणमिणता दिवा उरला, काकू किंचाळल्या, तशी वरून आई म्हणाली, "दोनच मिनिटं हं काकू, अजिबात दुखणार नाही!"

वायर फटीतून वर गेली. बारा टक्के. तीस टक्के. साठ टक्के. आणि थांबलं! एक मिनिट झालं, स्क्रीन काळीठिक्कर. वरून बाबांचा चुळबुळता आवाज आला, "मी काय म्हणतो, एकदा बॅटरी काढून..."

"नाही!!!" तीन मजल्यांतून तीन आवाज! त्यापाठोपाठ चापट बसल्याचाही आवाज आला.

"हात मागे ठेवा," टाचणीकाकू म्हणाल्या. "आणि काय गं, पोरी, हा मोडेम टॉवरशी बोलतो म्हणजे नेमकं काय बोलतो?"

"'मी इथे आहे,' असं सांगत राहतो म्हणे! सारखं! तो गप्प बसला, तर फोन कुठे आहे हे जगात कुणालाच कळत नाही."

"अगदी आत्ता आपलं झालंय तसं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सातव्यांदा बटण दाबलं.

एकसष्ट. नव्वद. शंभर! फोन लुकलुकला, एक दांडी उभी राहिली, काकूंनी आठव्यांदा बटण दाबलं, आणि पुढच्याच क्षणी फोन असा दणदणीत वाजला की बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"नमस्कार, लिफ्ट दुरुस्ती! घाबरू नका. कुठे अडकलात?"

"तुमच्या डाव्या हाताला!"

"किती जण आहात?"

"दोघं! त्यातले एक तुम्ही!"

वायर काढली, मेन लागला आणि लिफ्ट शहाण्यासारखी पाचव्या मजल्यावर येऊन उभी राहिली. बाहेर पडायच्या आधी बाबांनी फोन कंपनीच्या मेसेजमध्ये आलेली चुकलेल्या कॉलची यादी उघडली. खुडबुडही टाचा उंचावून बघू लागली. सात कॉल. सातच्या सात याच लिफ्टमधून! दुसरं कुणीच अडकलं नव्हतं! बाबा बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवरच बसले.

काकू लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डाकडे गेल्या आणि डबी उघडली. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चिठ्ठी टोचलेली होती: 'लिफ्टच्या फोनला उत्तर मिळाले. उशिरा, पण उत्तम सेवा.'

मग सगळे जेवायला बसले. आई बाबांकडे बघत होती, बाबा फोनकडे, आणि फोनच्या चार दांड्या ऐटीत उभ्या होत्या. शेवटी खुडबुडच उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय! त्या सूचनांमध्ये चूक आहे. त्या खुल्या आहेत, कुणीही सुधारू शकतं. मी आजच सुधारून पाठवणार! पहिली पायरी आहे ना, 'बॅटरी पूर्ण भरा'? तिच्या वर मी आणखी एक लिहिणार: 'फोन ज्याचा आहे, त्याला आधी विचारा. तो लिफ्ट दुरुस्त करत असेल, तर दोनदा विचारा!'"