अनशापोटी अर्धा तास

कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा टिपणीस माईंच्या नावानं तार आली. तारवाला दारात उभा, निम्मी बिल्डिंग जिन्यात जमलेली, आणि माई त्याला म्हणतात, "आधी आत ये, थालीपीठ खा. तार वाईट निघाली तर मला गॅस पेटवायचं सुचायचं नाही आणि तू तसाच जाशील." तारवाल्यानं थालीपीठ खाल्लं, वर दही मागून घेतलं, आणि मग माईंनी तार फोडली. नागपूरच्या भाचीला मुलगा झाला होता. तोवर जिन्यात उभं राहून माझे पाय गळून गेले होते.

"अनशापोटी" हा माईंचा खास शब्द. रिकाम्या पोटी केलेली कुठलीही गोष्ट अंगाशी येते, असं त्यांचं ठाम मत. अनशापोटी प्रवासाला निघायचं नाही, भांडायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. माझी बायको सुधा एकदा माझ्याशी भांडून रडत समोर त्यांच्याकडे गेली, तर माईंनी तिला आधी वालाचं बिरडं आणि भात वाढला. जेवून उठेपर्यंत सुधा भांडणाचं कारण विसरली. मला त्यातलं वाटीभरही बिरडं मिळालं नाही, याचा राग मात्र मी अजून विसरलेलो नाही.

या बाईंच्या घरात अण्णांना पार्किन्सन्स झाला.

अण्णा म्हणजे माईंचे यजमान. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. मग चाल आखूड झाली. मग उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. डोळे पुढे बघतायत, धड पुढे झुकलंय, आणि पाय जागचे हलत नाहीत. माई मागून म्हणायच्या, "घाई नाही हो, सावकाश," आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या राहायच्या.

स्टेशनच्या पलीकडच्या एका मोठ्या डॉक्टरांनी गोळी दिली. दिवसातून तीनदा, जेवणखाणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. सुरुवातीला मळमळलं तर एखादं कोरडं बिस्किट चालेल, असंही ते म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी अण्णांना थोडं मळमळलं आणि माईंना रान मोकळं मिळालं. बिस्किटाचं थालीपीठ झालं, थालीपिठावर दोन उकडलेली अंडी आली, आणि गोळी गरम पडते म्हणून पेलाभर दूध. दुपारच्या गोळीबरोबर सुरमईची तुकडी.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "माई, चिठ्ठीत आधी लिहिलंय."

"डॉक्टर हुशार आहेत रे विनू, पण पुरुष माणूस. स्वयंपाकघरात कधी उभे राहिलेत? इतकी जालीम गोळी अनशापोटी? आतडी होरपळतील."

तेव्हा माझ्याही हातात त्यांच्याकडची अंड्याची बशी होती.

आठ महिने असे गेले. गोळी कधी लागू पडायची, बऱ्याचदा नाहीच. डॉक्टर विचारायचे, "वेळेवर घेता ना?" माई म्हणायच्या, "घड्याळ लावून." हे खोटंही नव्हतं. खाण्याचं त्यांनी विचारलं नाही आणि माईंनी सांगितलं नाही.

अशात त्यांच्या मुलीचं, शैलाचं लग्न ठरलं. अण्णांचे धाकटे भाऊ समजूतदारपणे म्हणाले, "कन्यादान मी करतो, तू नुसता बस." अण्णा एरवी कमी बोलायचे. त्या दिवशी एकेक शब्द जोर लावून बाहेर काढला. "मुलगी माझी आहे. हात माझाच असेल." पुढे त्यांच्यापाशी हा विषय कुणी काढला नाही. पण भर मांडवात अण्णांचे पाय चिकटले तर काय, ही धास्ती सगळ्या घराला लागली. गोळीची बाटली सांभाळायचं काम माईंनी माझ्यावर टाकलं. लग्नघरात मी एकटाच रिकामा दिसत होतो म्हणे.

लग्नाच्या सकाळी आठला मी हॉलवरच्या खोलीत बाटली घेऊन गेलो. माई जरीच्या साडीत, हातात शिऱ्याची बशी. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले, अंगठा सारखा हलतोय.

"खाणार नाही," अण्णा म्हणाले. "कन्यादान होईपर्यंत उपास असतो."

"आजारी माणसाला माफ असतं. भटजींना विचारलंय मी."

"नाही. गोळी दे विनू. पाण्याबरोबर."

माई माझ्या आणि अण्णांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "अनशापोटी मी देऊ देणार नाही. भर मांडवात ओकारी झाली म्हणजे? आजच्या दिवस गोळीच नको."

ही गोळी एकदम बंद करायची नाही, माणूस लाकडासारखा कडक होतो, ताप चढतो, जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलेलं. मी ते सांगितलं. माईंनी दोन क्षण विचार केला आणि उलट्याच टोकाला गेल्या.

"मग दोन दे. रोज एकीनं तरी कुठे काय होतंय? द्यायचीच तर दोन दे, म्हणजे आजचा दिवस निभेल."

मी बाटली मुठीत दाबली. उभ्या आयुष्यात मी माईंना कधी नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. "मी डॉक्टरांना फोन करून येतो. तोपर्यंत एकही नाही अन् दोनही नाही." माईंचा चेहरा बघवेना, म्हणून मी पळालोच.

फोन मॅनेजरच्या खोलीत. तो खराब. मग शेजारच्या किराणा दुकानात. तिथे एक गृहस्थ कुणाला तरी कोथिंबिरीचा भाव सांगत होते. मला नंबर लागेपर्यंत पावणेनऊ झाले. मुहूर्त दहा वीसचा.

"एकच द्या," डॉक्टर म्हणाले. "पाण्याबरोबर. दोन अजिबात नाही, प्रेशर उतरून चक्कर येईल, अंग वेडंवाकडं हलेल. आणि दिल्यावर एकदम उठवू नका. पण रोज घेतातच ना ते? कशाबरोबर?"

मी सांगितलं. थालीपीठ, अंडी, दूध, सुरमई. मला स्वतःलाच ती यादी लांबलचक वाटायला लागली.

"अहो, दूध-अंडी-मासे पोटात असले की गोळी रक्तात जायला अडते. म्हणून तर अर्धा तास आधी लिहिलं होतं. खाणं बंद नका करू, वेळा बदलायच्या. लग्न झालं की दोघांना माझ्याकडे पाठवा."

मी परत आलो आणि माईंना जसंच्या तसं सांगितलं. जरा हळू सांगायला हवं होतं, हे बोलून झाल्यावर सुचलं. माईंनी शिऱ्याची बशी खाली ठेवली.

"म्हणजे आठ महिने मीच यांची गोळी अडवून धरली?"

माईंनी स्वतः बाटली घेतली, एक गोळी काढली, पाण्याचा पेला अण्णांच्या ओठाला लावला. नऊला पाच कमी होते.

त्यानंतर आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे बघत बसलो. खाली सनई सुरू झाली. सव्वानऊ. अंगठा हलतोच आहे. साडेनऊ. धाकटे भाऊ सोवळं नेसून दारात डोकावून गेले, माईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला सारखं वाटत होतं, आता ओकारी होईल, आता काहीतरी होईल. पावणेदहाला माई हळूच म्हणाल्या, "विनू, थांबला का रे?" अंगठा मांडीवर निवांत पडला होता. अण्णांनी मान वळवली आणि चक्क हसले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेलं बघत होतो.

आम्ही त्यांना आधी खुर्चीच्या कडेला बसवलं, मग सावकाश उभं केलं. अण्णा उंबरा ओलांडून गेले. कन्यादानाच्या वेळी त्यांची ओंजळ शैलाच्या हातावर स्थिर होती. त्यात पाण्याची धार माईंनी धरायची, आणि झारी धरलेला माईंचाच हात असा कापत होता की निम्मं पाणी भटजींच्या पोथीवर गेलं. मी रडलो, हे कबूल करतो.

लग्नानंतर तीनेक आठवड्यांनी सकाळी सव्वाआठला मी त्यांच्याकडे गेलो. गॅस बंद. दोघं गॅलरीत शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलेले. अण्णांची गोळी घेऊन झालेली, खाणं व्हायचं होतं, आणि त्यांच्यासमोर आपण कसं खायचं म्हणून माईही तशाच. शैला गेल्यामुळे घर एकदम मोठं वाटत होतं.

माई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "छत्तीस वर्षं झाली रे लग्नाला. मी वाढत होते, हे जेवत होते. असं नुसतं शेजारी कधी बसलोच नाही. आता बसतो, तर काय बोलायचं तेच सुचत नाही. काल यांनी विचारलं, तुला लहानपणी काय आवडायचं. मला आठवेचना. मग रडू आलं."

आतून अण्णांची हाक आली. "अगं, ये ना. अजून बारा मिनिटं आहेत."

माई लगेच वळल्या. मला ये म्हणायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.