सव्वीस भोकांचा सर्जा

रुमालाखाली हात गेले, की बाकीच्यांची तोंडं बंद. भगवंतअण्णांच्या घरातला हा नियम. बेल्ह्याच्या बैलबाजारात भाव असाच ठरतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि सौदा जुळेपर्यंत मध्ये कुणी खोकायचंसुद्धा नाही. का, ते विचारायचं नाही. अण्णांच्या पुतणीनं, संस्कृतीनं, सातव्या वर्षी ते विचारलं होतं आणि उत्तरादाखल पाठीत धपाटा खाल्ला होता. आता ती बावीस वर्षांची होती, फिजिक्समध्ये बीएस्सी झाली होती, आणि न विचारलेल्या प्रश्नांची तिच्या घशात कांद्याची वखार झाली होती.

अण्णांनी पन्नास वर्षं बैल पारखले. त्यामुळे घरात काहीही यायचं असलं, मिक्सर असो की जावई, ते अण्णांच्या हाताखालून जायचं. (मिक्सरचे त्यांनी दात पाहिले होते. जावयाचेही.)

अण्णांच्या सिमेंटच्या खळ्यावर कांदा वाळून झाला, की मग ते मोकळंच. संस्कृतीनं तिथं चुन्याच्या रेघा मारल्या, मध्ये जाळी बांधली आणि जुन्नरच्या सफाला जोडीला घेऊन पिकलबॉल सुरू केला. हातात लाकडी फळीसारखं पॅडल आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. येत्या रविवारी निरगुडसरच्या दोन पोरी सामना खेळायला येणार होत्या. अण्णांनी अट घातली होती.

"रविवारचा खेळ नीट झाला तर खळं तुमचं. न्हाई झाला तर सोमवारी गोठ्याचे खांब रोवतो. आन् चेंडू मी घेणार. पोरीबाळींना वस्तूतलं काय कळतं?"

चेंडू मिळत होते जुन्नरला, सफाच्या वडिलांच्या दुकानात. शौकतभाई पूर्वी बेल्ह्याच्या बाजारात घुंगरमाळा आणि झुली विकायचे. आता अर्ध्या दुकानात घुंगरमाळा आणि अर्ध्यात खेळाचं सामान होतं.

"या भगवंतराव! बसा. चहा सांगू?"

"चहा नंतर. आधी माल बघू."

शौकतभाईंनी दोन खोकी काढली. एकात छोट्या भोकांचे कडक चेंडू, दुसऱ्यात मोठ्या भोकांचे मऊ.

"अण्णा, बाहेर खेळायला चाळीस भोकांचा चेंडू लागतो," संस्कृती घाईघाईनं म्हणाली. "सव्वीस भोकांचा हॉलमधला असतो, वाऱ्यात भरकटतो. दाबून बघायचा, सगळीकडून सारखा कडक पाहिजे. काचेवर घरंगळवून बघायचा, डगमगला तर गोल नाही. खांद्याच्या उंचीवरून टाकायचा..."

"झालं तुझं?" अण्णांनी चाळिशी चढवली. त्यांनी चाळीस भोकांचा चेंडू हुंगला, कानाशी वाजवला आणि काउंटरच्या काचेवर सोडला. तो सरळ गेला. "मुर्दाड हाय." मग सव्वीसवाला सोडला. तो डुलत, लचकत, मध्येच थबकत गेला. अण्णांचे डोळे चमकले. "हां! याच्यात रग हाय. बघा कसा चालतो!"

"अण्णा, तो वाकडा आहे म्हणून..."

"भगवंतराव, पोरगी बोलते ते जरा..." शौकतभाईंनी तोंड उघडलं, पण तोवर अण्णांनी खांद्यावरचा रुमाल झटकून दोघांच्या हातांवर टाकला होता. शौकतभाई बाजारातले जुने. त्यांनी तोंड मिटलं. सफानं संस्कृतीकडे पाहिलं, संस्कृतीनं छताकडे. रुमालाखाली बोटं वळवळली आणि बारा चेंडू घरी आले.

संध्याकाळी सराव सुरू झाला तेव्हा कुकडी नदीकडून वारा सुटला होता. संस्कृतीनं सर्व्हिस केली. चेंडू जाळीवरून गेला, थांबला, विचार केल्यासारखा क्षणभर हवेत राहिला आणि परत आला.

"तू फिरवून मारलास का?" सफानं विचारलं.

"नाही."

"मग परत का आला?"

दुसरा चेंडू आडवा गेला. तिसरा हवेत असताना आवाज आला. हलका, खोल, लांबून येणारा. हूंऽऽ. दावणीला बांधलेलं जनावर संध्याकाळी मालकाची वाट बघत हंबरतं ना, अगदी तसा.

"मोठ्या भोकांतून वारा जातो," संस्कृती म्हणाली. "रिकाम्या बाटलीत फुंकल्यावर वाजतं ना, तसं."

"हो, हो. बाटलीसारखं."

तेवढ्यात खळ्यावर पडलेले बाकीचे नऊ चेंडूही हंबरायला लागले. दोघी शास्त्रशुद्ध वेगानं घराकडे पळाल्या. (एका चपलेचं शास्त्र वाटेतच राहिलं.)

सकाळी पाहिलं तर बाराच्या बारा चेंडू पूर्वेच्या कोपऱ्यात गोळा झाले होते. तिथं एक छोटा चौथरा होता. आठ वर्षांपूर्वी अण्णांचा सर्जा बैल गेला, तो तिथं पुरलेला.

संस्कृतीच्या चिमाकाकूंच्या हातातला झाडू गळाला. "अवं, ऐकलं का? सर्जा आलाय."

अण्णांनी चेंडू उचलून पुन्हा मधोमध ठेवले आणि दिवस कलताना सावळेरामतात्या, बाळासाहेब अशा दोस्तमंडळींना घेऊन ओट्यावर बसले. वारा जेमतेम होता. बराच वेळ काही झालं नाही. मग एक चेंडू हलला. तीन पावलं गेला, थबकला, डावीकडे लचकला आणि पुन्हा निघाला. त्याच्यामागून दुसरा. मग सगळेच, एकामागे एक, कुणी हाकल्यासारखे.

"डावा पाय," अण्णा कुजबुजले. "शेवटच्या वर्षी डाव्या पायानं असाच लंगडायचा माझा सर्जा." आणि त्यांनी रुमालानं डोळे टिपले.

संस्कृतीनं त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. मग अण्णांनी पुढचं वाक्य उच्चारलं आणि तो हात तसाच खाली आला.

"आजपासून खळ्यावर खेळ बंद. रविवारचाबी. उद्या निवद दावायचा. पोरींनी चौथऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, परत खेळणार न्हाई म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौथऱ्यापुढं सारी म्हातारी मंडळी जमली. चिमाकाकूंनी गरम पुरणपोळी, वर तूप, शेजारी लिंबू आणि उदबत्ती असं ताट मांडलं. सफा दाराशी उभी होती, पॅडल ओढणीखाली लपवून.

"अण्णा, दोन मिनिटं," संस्कृती म्हणाली. "पावसाचं पाणी साचू नये म्हणून खळ्याला या कोपऱ्याकडे उतार दिलाय. तुम्हीच दिलाय. चेंडू हलका, म्हणून वाऱ्यानं हलतो. वाकडा, म्हणून लंगडतो. कुठलीही गोल वस्तू ठेवा, इथंच येणार. दाखवते." आणि तिनं ताटातलं लिंबू उचललं, खळ्याच्या मधोमध नेऊन ठेवलं आणि हात काढून घेतला.

लिंबू हललं. हळूहळू, आपलं आपण, सरळ चौथऱ्याकडे निघालं.

"घ्या! बघितलं?" संस्कृतीनं विजयानं मागं वळून पाहिलं.

बाळासाहेब खळ्यावरून खाली उतरले होते. सावळेरामतात्यांनी डोळे घट्ट मिटून रामनाम सुरू केलं होतं. चिमाकाकू थरथरत म्हणाल्या, "अगं बाई, लिंबू चालवलं पोरीनं!"

"मी नाही चालवलं! उतारानं चाललं!"

"आमी तेच म्हणतोय," तात्या एक डोळा उघडून म्हणाले. "तू न्हाई चालवलं."

लिंबू चौथऱ्याला टेकलं आणि थांबलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. पान हलत नव्हतं. संस्कृतीच्याही मानेवर काटा आला, पण तो तिनं रागाखाली दाबला.

"पुरे झालं," अण्णा म्हणाले. "ये इकडं. हात ठेव. शपथ घे."

संस्कृती अनवाणीच ताडताड चौथऱ्यापाशी गेली, अगदी जवळ, आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"नाही ठेवणार."

"काय म्हनलीस?"

"नाही ठेवणार हात. शपथ घेणार नाही. सर्जावर माझाही जीव होता, अण्णा, त्याला भाकरी मीच भरवायचे. पण सर्जा गेलाय, आणि हे चेंडू वाईट आहेत. तुम्ही वाईट चेंडू निवडलेत. बैल तुम्हाला कळतात, चेंडू मला कळतात. रविवारी निरगुडसरच्या पोरी येणार, सामना इथंच होणार, आणि चेंडू मी आणणार, चाळीस भोकांचे. गोठा बांधायचा तर माझ्या अंगावर बांधा!"

असं अण्णांना आजवर कुणी बोललं नव्हतं. बैलानंही नाही.

तात्यांचं रामनाम थांबलं, काकूंचा पदर तोंडात गेला. एकेकाची नजर हळूहळू खाली उतरली आणि संस्कृतीच्या पायांपाशी येऊन थांबली. तिच्या उजव्या टाचेला काहीतरी लागत होतं. मऊ, ओलसर, गरम, बैलाच्या जिभेसारखं. दातावर दात दाबून तिनं मान वाकवली.

ती पुरणपोळीत उभी होती.