चार देश आणि एक कवळी

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे कवळीवाल्याला रोज सकाळी दात घासताना आठवे. दात घासून होईपर्यंत तो ‘आज नक्की लिहायचं’ असं ठरवी, आणि चूळ भरली की ते ठरवणंही पाण्याबरोबर वाहून जाई.

पत्र तसं साधंच होतं. उत्तरेकडच्या थंड देशांत कृत्रिम दात बनवणाऱ्या एका कंपनीने लिहिलं होतं, की तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेली बत्तीशी आम्हाला फार आवडली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड अशा चार देशांत आमच्या कार्यशाळा आहेत आणि चारही ठिकाणी आम्हाला माणूस हवा आहे. राहायला घर देऊ. यांपैकी कुठे यायला आवडेल, तेवढं फक्त सहीनिशी कळवावं.

‘तेवढं फक्त’ हे दोन शब्द वाचूनच त्याला घाम फुटला होता.

आजवर त्याने स्वतःहून काही निवडलं असेल तर ते कवळीतले दात, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडासाठी. हा धंदा त्याच्या मामाने निवडला होता, चष्म्याची काडी दुकानदाराने, आणि त्याला स्वतःला त्याच्या बायकोने. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या राशीत बसे. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. तोंडं सताड उघडी असूनही त्यांतला एकही कधी अवाक्षर काढत नसे, म्हणून त्याला ते जवळचे वाटत. जिवंत माणूस बोलायला लागला, की मात्र त्याची पंचाईत होई. त्यावर त्याने एक तोडगा काढून ठेवला होता. समोरचा काहीही म्हणो, तो म्हणे, “बरोबर आहे तुमचं.” मग समोरचा खूश होऊन निघून जाई.

या वेळी मात्र निवडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कवळ्या बनवणारं यंत्र मागवलं होतं. ते आलं की मागच्या खोलीत माणसाचं कामच उरणार नव्हतं. बाईंना त्याचं वाईट वाटत होतं. कंपनीकडे त्याच्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच.

“स्वीडनला जा, डोळे झाकून!” बाई म्हणाल्या. “मी शिकायला होते तिकडे. काय ती शिस्त! रांगेत कुत्रंसुद्धा घुसत नाही.”

“बरोबर आहे तुमचं.”

“म्हणजे स्वीडन ठरलं?”

ज्यांनी शब्द टाकला त्यांना नाही कसं म्हणायचं? “ठरलं,” कवळीवाला म्हणाला.

रविवारी मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दादू. तो नळदुरुस्तीची कामं करी आणि कामावर जाण्याऐवजी शक्यतो तळ्यावर गळ टाकून बसे.

“भाऊजी, नॉर्वे!” त्याने दारातूनच आरोळी ठोकली. “दारात समुद्र आणि समुद्रात हे एवढाले मासे! मी दर सुट्टीत येणार. माझी खोली आत्ताच धरून ठेवा. काय?”

त्या चेहऱ्यावरचा आनंद कवळीवाल्याला मोडवेना. “बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला.

आणि सोमवारी बायको. ती केस कापण्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्या डोक्यावर कात्री आणि स्वतःचं तोंड एकाच वेगाने चालवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“अहो, डेन्मार्क! आज एका बाईंनी सांगितलं, सगळा देश सपाट. चढ नाही की उतार नाही. आपण दोघं सायकलवर फिरायचं.”

“तुला सायकल येते?”

“शिकेन की! तुम्ही फक्त हो म्हणा.”

त्याने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दारात एक जुनी लाल सायकल येऊन उभी राहिली, आणि पाठोपाठ बायकोच्या गुडघ्यावर पट्टी आली.

इथवर तीन देश झाले. चौथा त्याच्या मनात होता, आणि तो त्याने कुणालाच सांगितला नव्हता. सांगितलाही नसता, पण एके दुपारी सासूबाई दवाखान्यात आल्या. त्या लेकीकडेच राहत. कवळी टोचते म्हणून त्यांनी ती काढून जावयाच्या हातात दिली आणि बोळकं तोंड मिटून स्टुलावर बसल्या. जीभ तलवारीसारखी चालणाऱ्या या बाई दातांशिवाय इतक्या गरीब आणि मायाळू दिसत होत्या, की कवळी घासता घासता कवळीवाल्याच्या मनाचा बांध फुटला. डॉक्टरीणबाईंना स्वीडन, मेव्हण्याला नॉर्वे, बायकोला डेन्मार्क आणि आपल्याला मात्र फिनलंड, असं सगळं त्याने भडाभडा सांगून टाकलं. सासूबाई मान डोलावत राहिल्या. समोरच्या प्लास्टरच्या जबड्यांइतक्याच त्या विश्वासू वाटल्या.

कवळी गुळगुळीत झाली. सासूबाईंनी ती चढवली, दोनदा चावून पाहिली आणि म्हणाल्या, “असं होय, जावईबापू!”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

त्या दिवसापासून घरात सासूबाईंचं राज्य सुरू झालं. खिडकीजवळची त्याची खुर्ची त्यांच्याकडे गेली. वर्तमानपत्र आधी त्यांच्याकडे जाऊ लागलं. तो काही बोलणार असं दिसलं, की त्या लेकीला हाक मारत, “अगं, तुला एक गंमत सांगायची होती बघ...” आणि जावयाचा चेहरा पांढराफटक झाला की म्हणत, “जाऊ दे, विसरले.”

देवाला दया आली ती शनिवारी. बायको सायकलवरून कोपऱ्यावरच्या कुंपणात शिरली. तोल गेला तो गेलाच, पण पडतानाही तिने घंटी वाजवली. खिडकीतून हे बघणाऱ्या सासूबाईंना असं काही हसू फुटलं, की कवळी तोंडातून सुटली, खाली फरशीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

कवळीवाल्याने ते तुकडे रुमालात असे अलगद गुंडाळले, जणू दागिनाच. “होईल दुरुस्त,” तो म्हणाला, “पण वेळ लागेल.”

खरं तर तासाभराचं काम होतं. पण सासूबाईंचा एक बाणा होता. बोळक्या तोंडाने त्या कुणाशी बोलत नसत, पोटच्या लेकीशीही नाही. घरात किती दिवसांनी शांतता नांदू लागली! बायकोने विचारलं की तो सांगे, “प्लास्टर वाळलं नाही.” पुन्हा विचारलं की, “हिरडीचा रंग जुळत नाहीये.” सासूबाई मात्र तो समोरून गेला की तोंडावर पदर धरून नुसती चार बोटं वर करत.

“आईला चार उशा हव्यात का हो?” बायकोने गोंधळून विचारलं.

“असतील,” तो म्हणाला आणि घाईघाईने चार उशा आणून दिल्या. सासूबाईंनी त्यांतली एक त्याच्याच दिशेने भिरकावली.

अशातच कंपनीचं दुसरं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत आपलं उत्तर टपालात पडलं नाही, तर आम्ही दुसऱ्या कारागिराला बोलावू. ते नेमकं बायकोच्या हाती पडलं.

“अहो, तुम्ही अजून कळवलंच नाही? आणि इकडे यंत्र यायची वेळ झाली!” तिने कपाळावर हात मारला. “ते काही नाही. डॉक्टरबाईंना आणि दादूला उद्या जेवायला बोलावते. सगळ्यांसमोर सही करायची. आणि आईचे दात उद्या संध्याकाळपर्यंत हवेत. पाहुण्यांसमोर ती अशी बसायची नाही.”

कवळीवाला दुसऱ्या दिवशी कामाला बसला तो मनात काळंबेरं घेऊनच. दात किंचित उंच बसवले, तर बोलायलाच त्रास होईल. एवढंच, एका संध्याकाळपुरतं. त्याने तसा प्रयत्न करूनही पाहिला. पण हात ऐकेना. वाकडं काम त्या हातांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी कवळी अशी झकास जमली, की स्वतःच्या कौशल्याचा त्याला पहिल्यांदाच संताप आला.

सासूबाईंनी ती चढवली, आरशात पाहिलं आणि प्रसन्न हसल्या.

आधी मेव्हणा आला. पायांत मांडीपर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर गळाची नवी लांबलचक काठी. “भाऊजी, नॉर्वेची तयारी!” असं म्हणत तो वळला, तेव्हा काठी लागून छताचा दिवा झोके घेऊ लागला.

“नॉर्वे?” बायकोने विचारलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कवळीवाल्याच्या हातात जाडजूड पुस्तक ठेवलं. “स्वीडिश शिकायचं पुस्तक. रोज एक पान. तिकडच्या माझ्या सरांनाही कळवलंय, तुम्हाला घ्यायला ते स्टेशनवर येतील.”

“स्वीडिश?” मेव्हणा म्हणाला.

“स्टेशनवर?” बायको म्हणाली.

मग तिघांनीही एकदम त्याच्याकडे पाहिलं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदराआडून छताकडे बघत होत्या.

“तुम्ही सांगितलंत!” तो पुटपुटला.

“मी? मी तोंड तरी उघडलं का?” सासूबाई म्हणाल्या. “माझे दात तुमच्याकडे होते, जावईबापू. हे सगळं तुमच्याच तोंडचं आहे.”

“अहो, मी गुडघे फोडून घेतले!” बायको कडाडली. “डेन्मार्कसाठी! आणि तुम्ही दादूला नॉर्वे देऊन बसलात? मला नुसतं ‘नाही’ म्हणता आलं नाही?”

“मला कुणालाच म्हणता येत नाही,” तो खाली मान घालून म्हणाला.

“मग त्या पत्रात काय लिहिणार होतात? चारही देशांना ‘बरोबर आहे तुमचं’?”

मेव्हणा फसकन हसला आणि बहिणीची नजर पाहून बुटांकडे बघू लागला.

“आता त्यांना जायचंय कुठे, ते तरी विचार,” सासूबाई म्हणाल्या. “मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही. मला दात बसवायला तीन दिवस लावलेत.”

कवळीवाल्याने घसा साफ केला. “फिनलंड,” तो म्हणाला.

“का पण?” बायकोने विचारलं.

“तिथे म्हणे लोक उगाच बोलत नाहीत. बसची वाट बघतानाही लांब लांब उभे राहतात.”

बायकोचा आवाज एकदम उतरला. “म्हणजे मी उगाच बोलते.”

आता ‘छे छे’ म्हणायची वेळ होती. डॉक्टरीणबाईंनी तर त्याच्या वतीने ‘छे’ म्हणायला तोंडही उघडलं. पण कवळीवाला म्हणाला, “हो. बोलतेस.” आणि लगेच, कुणी थांबवायच्या आत, “पण तू बोललीस की मला बोलावं लागत नाही. बाकीचे बोलतात तेव्हा उत्तर द्यावं लागतं. तिथे बाकीचे गप्प असतील. नुसतं तुझंच ऐकायचं. मला तेवढंच जमतं.”

इतकं लांबलचक तो लग्नानंतर प्रथमच बोलला होता. बायकोने डोळे पुसले आणि मग विचार करून म्हणाली, “पण अहो, मग मी केस कापताना बोलायचं कुणाशी?”

“वेडी की काय तू!” सासूबाई ताठ बसल्या. “सगळा देश गप्प! म्हणजे मधे तोंड घालणारं कुणी नाही. जन्मभर असेच लोक शोधत होते मी. माझंही तिकीट काढा, जावईबापू.”

शांत, बर्फाळ, निःशब्द फिनलंड कवळीवाल्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याच्या मधोमध खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई. पण बायकोचा चेहरा उजळला होता. मेव्हणा म्हणत होता, तळी तिकडेही चिक्कार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, सरांना काय, जहाजाने पलीकडे जाऊन भेटता येईल. त्याने कागद ओढला, ‘फिनलंड’ लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा दिवस. तो आणि बायको टपालकचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने पाकीट उलटसुलट करून कंपनीच्या डेन्मार्कमधल्या मुख्य कचेरीचा पत्ता वाचला.

“डेन्मार्क? नोकरीसाठी? छे हो! माझा मावसभाऊ आइसलंडला आहे. जमिनीतून आयतं गरम पाणी येतं. जायचं तर आइसलंडला जा.”

शेजारी उभ्या बायकोने श्वास रोखून धरला.

“बरोबर आहे तुमचं,” कवळीवाला मनापासून म्हणाला. “आइसलंडच. आधी एवढं तिकीट लावून द्या.”

आणि शिक्का पडून पाकीट थैलीत जाईपर्यंत त्याने खिडकी सोडली नाही.