मालकांनी घेतलेलं माप

मिस्त्रींनी टेप तिसऱ्यांदा लावली. गिऱ्हाईक बाईंच्या खोलीचं छत तिसऱ्यांदाही सात फुटांवरच होतं आणि जमिनीवर आडवं ठेवलेलं कोरं करकरीत कपाट सव्वासात फुटांचं.

"माप कुणी घेतलं होतं?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"मालकांनी. स्वतः."

दोघेही मटकन खाली बसले.

फर्निचरच्या कारखान्याचे हे मालक म्हणजे देवमाणूस. त्यांनी आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता. फक्त काही बिघडल्याचं कळलं, की त्यांचे डोळे भरून यायचे. मागे एक ड्रॉवर अडकतोय म्हणून कुणीतरी बोललं, तर मालक अर्धा तास हुंदके देत होते आणि सगळा कारखाना काम टाकून त्यांना पाणी पाजत होता. कडक मालकाची माणसं कामचुकार होतात म्हणतात. हळव्या मालकाची माणसं अट्टल थापाडी होतात. या कारखान्यात गेल्या अकरा वर्षांत काहीच बिघडलं नव्हतं, निदान मालकांच्या माहितीप्रमाणे.

आज तर स्वतः घेतलेल्या मापाचं कपाट बघायला मालक हौसेने आले होते आणि खाली टेम्पोपाशी थांबले होते. मिस्त्रींना पाच दहाची गाडी गाठायची होती. लेकीला मुलगी होऊन नऊ दिवस झाले, तरी आजोबांनी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. नंतर गाडी एकदम उद्या. मालक एकदा रडायला बसले, की गाडी गेलीच म्हणायची.

"कपाटाचे पाय कापू," मिस्त्री म्हणाले.

करवत चालली. खालून लगेच हाक आली, "मिस्त्री, काय कापताय हो?"

"काही नाही, मालक! बाईंचा पलंग डुगडुगत होता, त्याचा पाय सारखा करतोय!"

"पलंग? तो आपल्याच कारखान्यातला ना?" आवाज ओला झाला. "थांबा, आलोच वर."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आता कापा पलंग."

"अहो, चांगला धडधाकट आहे की!"

"मालक बघणार आहेत ना!"

घाईत एक पाय जरा जास्तच उडाला. म्हणून बाकीचे तीन कापले, तर पहिलाच लांब ठरला. मालकांचे गुडघे दुखरे आणि जिने तीन, म्हणून एवढं तरी जमलं. ते वर पोचले तेव्हा कपाट उभं होतं आणि पलंग जमिनीला टेकायचा बाकी होता.

"पलंग बसका दिसतोय," मालक म्हणाले.

"सध्या तशीच फॅशन आहे, मालक," पॉलिशवाला म्हणाला.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन घरच्या बाई आल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या.

"कपाटाचे पाय कुठे गेले? आणि माझ्या पलंगाचे?"

मालकांच्या पाठीमागून मिस्त्रींनी हात जोडले. पण बाईंनी कॉपी करणाऱ्यांचे हातवारे जन्मभर पाहिले होते. त्यांनी सरळ टेप उचलली, छत मोजलं, भुसा पाहिला, कापलेले तुकडे कपाटाला लावून पाहिले. या तपासात पंचवीस मिनिटं गेली. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी निकाल दिला.

"कपाट तीन इंच जास्त उंच केलं होतं. माप कुणाचं?"

"माझं," मालक म्हणाले.

"चुकलंय."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. पॉलिशवाला पाणी आणायला धावला.

"असं होय!" मालकांचा चेहरा खुलला. "माझंच चुकलं होय! मग काही हरकत नाही. बाई, दोन्ही नवीन करून देतो."

"मालक, तुम्हाला... रडू नाही आलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या चुकीला कशाला रडू? तुमचं कुणाचं चुकलं, की रागवावं लागतं हो. ते मला जमत नाही, मग रडू फुटतं."

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. गाडी सुटली होती. अकरा वर्षं मारलेल्या थापा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या, नात मात्र अजून तिकडेच होती. त्या बसक्या पलंगावर बसून "गाडी गेली, नात राहिली" म्हणत ते ओक्साबोक्शी रडू लागले.

"अहो, अहो मिस्त्री!" मालकांनी पॉलिशवाल्याच्या हातातलं पाणी त्यांना पाजलं. "टेम्पोने सोडतो तुम्हाला, थेट नातीच्या दारात. उठा बघू!"

जिना उतरताना मिस्त्री पुढे गेल्यावर मालकांनी पॉलिशवाल्याचा दंड धरला.

"फार हळवा माणूस आहे," ते हळूच म्हणाले. "यापुढे काही बिघडलं, तर मिस्त्रींना कळू देऊ नका."